रॉजर वॉटर्सचा 'अम्यूज्ड टू डेथ': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका काय आहे?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा एकेकाळचा बासवादक आणि मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स याचा तिसरा स्टुडिओ सोलो अल्बम. 'द प्रोज अँड कॉन्स ऑफ हिच हायकिंग' (1984) आणि 'रेडिओ केऑस' (1987) यांच्यानंतर तो सप्टेंबर 1992 मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढला. एकूण 14 ट्रॅक, जवळपास 73 मिनिटं. निर्मिती वॉटर्स आणि पॅट्रिक लेनर्ड यांची, वाद्यवृंदाची रचना आणि संचालन मायकेल केमनचं.

विषय एका वाक्यात सांगायचा तर, दूरवर चाललेलं युद्ध घरी बसून पडद्यावर पाहणाऱ्या माणसाचं काय होतं. रणांगणाचं वर्णन इथे थोडं आहे आणि प्रेक्षक जास्त आहे, म्हणूनच तो इतर युद्धविरोधी अल्बमांपेक्षा वेगळा पडतो.

नाव कुठून आलं?

नील पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकाच्या 'अम्यूजिंग अवरसेल्व्ज टू डेथ' (1985) या पुस्तकावरून. बातमी, राजकारण, धर्म, शिक्षण हे सगळं टीव्हीवर आलं की त्याचं करमणुकीत रूपांतर होतं, असा पोस्टमनचा मुद्दा. वॉटर्सने तो युद्धाला लावला. पोस्टमनने पुढे लिहून ठेवलं आहे की या अल्बममुळे विद्यार्थ्यांमध्ये त्याचा भाव वधारला.

यात सलग कथा आहे का? 'द वॉल'सारखी?

नाही, आणि ती शोधायला गेलात तर पहिल्याच ऐकण्यात वैतागाल. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल' या अल्बममध्ये एक नायक आहे आणि त्याचं आयुष्य क्रमाने उलगडतं. इथे एक माकड टीव्हीसमोर बसलंय, हातात रिमोट आहे आणि ते चॅनेल बदलतंय, अशी कल्पना आहे. मूळ मुखपृष्ठावरही पडद्याकडे बघणारा चिंपांझीच आहे. प्रत्येक गाणं म्हणजे त्या माकडाला दिसलेला एकेक कार्यक्रम: धर्मोपदेशक, खेळाचं समालोचन, बॉम्बहल्ला, बीजिंगचा चौक. गाण्यांच्या मधे ऐकू येणारे तुटक संवाद आणि खटके म्हणजे हे चॅनेल बदलणं. शेवटच्या गाण्यात परग्रहावरचे मानववंशशास्त्रज्ञ येतात. टीव्हीभोवती कोंडाळं करून पडलेले सांगाडे तपासून ते निष्कर्ष काढतात की ही जात करमणुकीने मेली.

या सगळ्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो तो आल्फ रॅझेल नावाच्या म्हाताऱ्याचा आवाज. त्याच्याशिवाय अल्बम नुसती टीका राहिला असता.

आल्फ रॅझेल कोण? तो खरा माणूस की नट?

खरा. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्युझिलिअर्स या ब्रिटिश रेजिमेंटमध्ये लढलेला सैनिक. त्याचा आवाज बीबीसीच्या एका माहितीपटातून घेतला आहे. बिल हबर्ड हा त्याचा सहकारी दोन्ही फळ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात प्राणांतिक जखमी होऊन पडला होता. रॅझेलने त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण वेदना इतक्या होत्या की त्याला खाली ठेवावं लागलं, आणि तिथेच सोडून यावं लागलं. पहिल्या ट्रॅकवर एवढंच कळतं आणि गाणी सुरू होतात.

उरलेलं कथन अल्बमच्या अगदी शेवटी येतं. फ्रान्समधल्या आरास इथे बेपत्ता सैनिकांचं स्मारक आहे, जवळपास 35 हजार नावं कोरलेलं. तिथल्या छोट्या कपाटात नोंदवही असते. रॅझेलने त्या वहीत आणि भिंतीवर हबर्डचं नाव पाहिलं, तेव्हा 1984 साल होतं आणि तो 87 वर्षांचा होता. इतकी वर्षं हबर्ड त्याला दुःस्वप्नासारखा आठवायचा, नाव पाहिल्यावर तो पुन्हा माणूस झाला, असं तो सांगतो. आपण आणखी काही करू शकलो असतो का, हा प्रश्न त्याला तोवर छळत होता.

पडद्यावरच्या मृतांना नाव नसतं, हबर्डला आहे. अल्बमचा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे. म्हणून शेवटचा ट्रॅक संगीत थांबलं म्हणून बंद करू नका. बोलणं संपेपर्यंत चालू द्या.

वॉटर्सला युद्धाचा विषय इतका का लागतो?

त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हेही रॉयल फ्युझिलिअर्समध्येच होते. 18 फेब्रुवारी 1944 रोजी इटलीतल्या अँझिओच्या लढाईत ते मारले गेले, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. आजोबा पहिल्या महायुद्धात 1916 मध्ये गेले. वडिलांचा मृत्यू 'द वॉल' (1979) आणि 'द फायनल कट' (1983) मध्ये थेट येतो. इथे मात्र त्याने स्वतःचे वडील बाजूला ठेवले आणि दुसऱ्या कुणाचा तरी हबर्ड पुढे आणला. त्या संयमामुळे हा अल्बम आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा झाला, असं आमचं ठाम मत आहे.

कोणतं गाणं कोणत्या घटनेवर आहे?

सगळ्यांना घटना नाही. ज्यांना आहे त्यांची माहिती असली तर ऐकताना खूप फरक पडतो.

'लेट होम टुनाइट' (दोन भाग): एप्रिल 1986 मध्ये अमेरिकेने लिबियावर केलेला हवाई हल्ला. पश्चिम बर्लिनमधल्या डिस्कोत झालेल्या बॉम्बस्फोटाचं उत्तर म्हणून तो केला गेला. एफ-111 विमानं इंग्लंडमधल्या लेकनहीथ तळावरून उडाली, त्यांच्यासोबतची रडार निकामी करणारी विमानं ऑक्सफर्डशायरमधल्या अपर हेफर्डहून. फ्रान्स आणि स्पेनने आपल्या हद्दीवरून जाऊ दिलं नाही, त्यामुळे सगळा वळसा समुद्रावरून. गाण्यात ऑक्सफर्डशायरमधली एक शेतकऱ्याची बायको खिडकीशी उभी आहे, चहाची वेळ होत आली आहे. तिकडे ट्रिपोलीत दुसरी एक बाई गळक्या नळाकडे बघते आहे, तो दुरुस्त करायला नवऱ्याला वेळ झालेला नाही. मग बॉम्ब पडतो. गळका नळ आणि स्फोट यांच्यामध्ये वॉटर्सने एकही उपदेशाची ओळ घातलेली नाही. युद्धावर त्याने लिहिलेल्या ओळींत ही जागा सर्वांत भेदक आहे.

'द ब्रेव्हरी ऑफ बीइंग आउट ऑफ रेंज': 1991 चं आखाती युद्ध, आणि हल्ल्याचे हुकूम देणारे, मुलाखतीत शोभून दिसणारे म्हातारे नेते. शेवटच्या कडव्यात दारूच्या गुत्त्यात एक गिऱ्हाईक आणखी दोन पेग मागवतं आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतं, कारण जमिनीवरची लढाई सुरू झाली आहे. हेच प्रक्षेपण सीएनएनवरून मुंबईतही डिश अँटेना लावलेल्या इमारतींत दिसत होतं. आपल्याकडे केबल टीव्हीचा पाय रोवला गेला तो याच सुमारास. त्यामुळे गुत्त्यातलं ते गिऱ्हाईक आपल्यालाही फारसं परकं नाही.

'वॉचिंग टीव्ही': जून 1989, बीजिंगचा तिआनमेन चौक. तिथे मारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीबद्दल. यात ईगल्स या अमेरिकी बँडचा डॉन हेन्ली वॉटर्सबरोबर गातो, साथ बरीचशी अकूस्टिक गिटारची. इतर हजारो मृतांपेक्षा ही वेगळी का, तर ती टीव्हीवर मेली म्हणून, असं गाणं म्हणतं.

'टू मच रोप': मधल्या भागात व्हिएतनाममध्ये लढलेला अमेरिकी सैनिक वीस वर्षांनी तिथे परततो आणि सायकलवरच्या एका माणसाला भेटतो. दोघांचे डोळे सारखेच, सैनिकाचे. त्यात व्हिएतनामी माणसासाठी एक शिवीवजा शब्द मुद्दाम आला आहे, तो त्या सैनिकाच्या तोंडचा आहे हे लक्षात असू द्या.

'परफेक्ट सेन्स'च्या दुसऱ्या भागात घटना काल्पनिक आहे: एक पाणबुडी तेलविहिरीच्या फलाटावर पाणतीर सोडते आणि त्याचं समालोचन चालू आहे. ते करतो मार्व्ह अल्बर्ट, अमेरिकेतला बास्केटबॉलचा खराखुरा, घराघरांत ओळखीचा समालोचक. त्याने एरवीचाच उत्साह आवाजात ठेवला आहे आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. नंतर स्टेडियमभर लोक पैशाचं राष्ट्रगीत गातात.

हा अल्बम फक्त अमेरिकेविरुद्ध आहे, हे खरं का?

तिआनमेनवरचं गाणं सहा मिनिटांहून मोठं आहे आणि अल्बममधल्या सर्वांत हळव्या गाण्यांपैकी आहे, एवढंच या आक्षेपाला पुरेसं उत्तर आहे. 'व्हॉट गॉड वॉन्ट्स'चे तीन भाग कोणत्याही एका धर्माला धरून नाहीत. अमेरिकेचा वाटा जास्त आहे हे खरं, कारण टीव्हीवरचं युद्ध त्या वेळी तीच दाखवत होती.

गिटार कोण वाजवतंय?

मुख्य गिटार जेफ बेकची. आरंभीचा ट्रॅक, 'व्हॉट गॉड वॉन्ट्स'चा पहिला आणि तिसरा भाग, 'थ्री विशेस', 'इट्स अ मिरॅकल' आणि शीर्षकगीत यांत तो आहे. पहिल्या ट्रॅकवर रॅझेल बोलत असताना मागून येणारे सूर ऐका: बेक पिक न वापरता बोटांनी तार छेडायचा आणि ट्रेमोलोच्या दांडीने सूर वाकवायचा, त्यामुळे गिटार माणसाच्या आवाजाच्या जवळ जाते. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याची उणीव भासते का, असं बरेच जण विचारतात. इथे भासत नाही. गिल्मरचा सूर तुम्हाला सामावून घेतो, बेकचा अस्वस्थ करतो, आणि या विषयाला अस्वस्थताच हवी होती.

'परफेक्ट सेन्स'मध्ये पी. पी. आर्नल्डचा आवाज आहे, शीर्षकगीतात रिटा कूलिजचा. 'इट्स अ मिरॅकल'वर ड्रम टोटो या बँडच्या जेफ पोर्कारोने वाजवले आहेत. अल्बम बाहेर येण्याच्या महिनाभर आधी, 5 ऑगस्ट 1992 रोजी तो गेला.

क्यूसाउंड म्हणजे काय? कुत्रा खोलीबाहेर भुंकतो म्हणतात ते खरं?

खरं आहे, मांडणी बरोबर असेल तर. क्यूसाउंड ही या अल्बमसाठी वापरलेली, कॅनडात विकसित झालेली ध्वनिप्रक्रिया. डाव्या आणि उजव्या कानाला पोहोचणाऱ्या आवाजात वेळेचा, फेजचा (ध्वनिलहरींच्या चढउताराच्या टप्प्याचा) आणि पातळीचा सूक्ष्म फरक घातला की मेंदू तो आवाज स्पीकरच्या पलीकडे, कधी बाजूला तर कधी मागे असल्याचं समजतो. त्यासाठी जादा स्पीकर लागत नाहीत, साध्या दोन स्पीकरांवर हे घडतं. पहिल्याच ट्रॅकवरचा कुत्रा स्पीकरच्या बराच बाहेर, शेजारच्या आवारात असावा तसा ऐकू येतो.

इथे ही नुसती तांत्रिक करामत नाही. जवळ काय आणि दूर काय हाच अल्बमचा विषय असल्यामुळे आवाजाचं अंतर हा अर्थाचाच भाग होतो.

माझ्याकडे तसं काहीच ऐकू येत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक.

बसण्याची जागा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा: स्पीकरांमध्ये 2 मीटर असतील तर तुम्हीही प्रत्येकापासून 2 मीटरवर. ट्वीटर (स्पीकरमधला उंच सूर देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणि स्पीकर किंचित तुमच्याकडे वळवलेले. अर्धा फूट डावीउजवीकडे सरकलात तरी परिणाम विरतो, म्हणून हा अल्बम एका वेळी एकालाच नीट ऐकता येतो.

भिंती. बाजूची भिंत स्पीकरला चिकटून असेल तर तिच्यावरून परतलेला आवाज मूळ फेज बिघडवतो. निदान 60 सेंटीमीटर जागा सोडा. लहान खोलीत ते जमत नसेल तर बाजूच्या भिंतीवर, स्पीकर आणि तुम्ही यांच्या मधोमध, जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट असू द्या.

उलटी जोडणी. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न येता सगळीकडे पसरतो. ही चूक फार घरांत सापडते, आणि सामान्य गाण्यांवर ती चटकन लक्षात येत नाही. अँप्लिफायर बंद करून दोन्ही टोकं तपासा. मग मोनो आवाज, म्हणजे एखादी बातमी किंवा जुनं मोनो गाणं लावा. ते अगदी मधोमध आलं पाहिजे.

अँप्लिफायरमधले 'सराउंड', 'थ्रीडी', 'वाइड', 'हॉल' असे सगळे मोड बंद करा, साधं स्टिरिओ ठेवा. हे मोड स्वतःच फेजशी खेळतात आणि दोन्ही प्रक्रिया एकमेकींना मारतात. साउंडबार आणि एकसंध ब्लूटूथ स्पीकर यांच्याकडून अपेक्षाच ठेवू नका, त्यांच्यात डावा-उजवा इतका जवळ असतो की त्रिकोण होतच नाही.

कमी बिटरेटची फाइल हेही कारण असू शकतं. एमपी3 करताना जागा वाचवायला डाव्या-उजव्यातला फरकच आधी कापला जातो. सीडी, एफएलएसी (दर्जा न घटवणारी फाइल) किंवा निदान 256 केबीपीएस बिटरेटची फाइल घ्या.

हेडफोनवर चालेल का?

गाणी, शब्द, संवाद यांसाठी उत्तम; कुजबुजीतले तुकडे तर हेडफोनवरच पूर्ण कळतात. पण क्यूसाउंडचा परिणाम तसाच मिळणार नाही. ती प्रक्रिया प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात हे गृहीत धरून केली आहे आणि हेडफोनवर प्रत्येक कानाला एकच बाजू मिळते. एकदा हेडफोन, एकदा स्पीकर, असं दोन्ही करा.

आवाज किती ठेवावा?

सुरुवातीच्या हळू बोलण्यावरून ठरवू नका. तसं केलंत तर 'लेट होम टुनाइट'च्या पहिल्या भागातल्या स्फोटाला लहान स्पीकर फाटल्यासारखा आवाज करतील आणि रात्रीची वेळ असेल तर शेजारी दार वाजवतील. आधी 'व्हॉट गॉड वॉन्ट्स'चा पहिला भाग लावा, तो आरामात मोठा वाटेल इतका आवाज ठेवा, मग पहिल्यापासून सुरू करा. बोलणं थोडं दुरून आल्यासारखं वाटेल, तसंच ते अपेक्षित आहे.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर शफल (क्रम बदलणं) आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक विरतानाच पुढचा सुरू करणं) बंद, गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पडू देणं) चालू. क्रॉसफेड चालू राहिला तर ट्रॅकच्या सांध्यावरचे संवाद एकमेकांवर चढतात. आवाज समान करण्याची सोय ट्रॅकनिहाय लागू असेल तर हळू आणि मोठ्या ट्रॅकमधला फरक पुसला जातो. अल्बमनिहाय पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर ती सोय बंदच करा.

1992 ची आवृत्ती घ्यावी की 2015 ची?

2015 मध्ये जेम्स गथ्री याने मूळ टेपवरून नवं स्टिरिओ मिश्रण आणि 5.1 सराउंड मिश्रण केलं. सीडी, सीडी-ब्लूरे जोडी, एसएसीडी, 200 ग्रॅमच्या दोन एलपी आणि हाय-रिझोल्यूशन डाउनलोड, अशा रूपांत ते मिळतं. सराउंड मिश्रणाला 2016 चं ग्रॅमी मिळालं. मुखपृष्ठावर चिंपांझीऐवजी टीव्हीसमोरचं मूल आहे, त्यामुळे दुकानात ओळखायला सोपं.

घरी 5.1 असेल तर ब्लूरे निःसंशय घ्या. फक्त स्टिरिओ असेल तर 2015 ची सीडी अधिक स्वच्छ आहे, वाद्यं सुटी होऊन येतात. 1992 ची सीडी जुन्या बाजारात अजून मिळते आणि क्यूसाउंड ज्या रूपात पहिल्यांदा लोकांसमोर आला ते तिच्यात आहे. स्वस्तात दिसली तर सोडू नका. 1992 ची मूळ एलपी मात्र फार थोडी निघाली आणि तिची किंमत संग्राहकांच्या खेळात चढली आहे. ऐकण्यासाठी तिची गरज नाही.

'परफेक्ट सेन्स'मध्ये उलटा संदेश आहे म्हणतात. तो कसा ऐकायचा?

वॉटर्सला स्टॅन्ली कुब्रिकच्या '2001: अ स्पेस ओडिसी' (1968) मधला हाल या संगणकाचा आवाज वापरायचा होता. कुब्रिकने परवानगी नाकारली. मग वॉटर्सने स्वतःच्या आवाजात एक संदेश ध्वनिमुद्रित करून उलटा घातला. तो स्टॅन्लीला आणि पुस्तकं जाळणाऱ्या इतर सगळ्यांना उद्देशून आहे.

हा संदेश फक्त 1992 च्या आवृत्तीत आहे. सीडीवरून तिसरा ट्रॅक वेव्ह किंवा एफएलएसी म्हणून संगणकावर घ्या, ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा, गायन सुरू होण्याआधीचा भाग निवडा, इफेक्टच्या यादीतून 'रिव्हर्स' द्या आणि वाजवा. शब्द पुसट वाटले तर निवडलेल्या भागाची पातळी थोडी वाढवा. हालचा यंत्रवत आवाज सरळ ऐकू येत असेल, तर तुमच्याकडे 2015 ची आवृत्ती आहे. तिच्यात मूळ कल्पनेप्रमाणे तो अखेर घालता आला. उलट्या संदेशाची ही खोड जुनीच, 'द वॉल'मधल्या 'एम्प्टी स्पेसेस'मध्येही तसा एक आहे.

इंग्रजी शब्द ऐकताना निसटतात. कसं सुरू करावं?

सीडीच्या पुस्तिकेत शब्द आहेत. सगळे एकदम वाचू नका. पहिल्या दिवशी 'परफेक्ट सेन्स', 'लेट होम टुनाइट' आणि 'वॉचिंग टीव्ही' एवढ्यांचे वाचा आणि मग अल्बम सलग लावा. वॉटर्स पुष्कळदा गाण्यापेक्षा बोलतो, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून गेलेले शब्द कानाला लगेच सापडतात.

'इट्स अ मिरॅकल'मध्ये अँड्र्यू लॉइड वेबरवर इतका राग का?

वेबर हा संगीतनाटकांचा ब्रिटिश संगीतकार. त्याच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'मधली एक प्रसिद्ध सुरावट पिंक फ्लॉइडच्या 'एकोज'वरून (1971) उचलली आहे, असं वॉटर्सने उघडपणे म्हटलं आहे. बाकी अर्थ शोधू नका. आमच्या मते इतक्या संथ, सुंदर गाण्यात तो राग खटकतो.

हा अल्बम प्रत्यक्ष मंचावर कधी झाला का? भारतात?

पूर्ण कधीच नाही, आणि तो बाहेर आला तेव्हा दौराही झाला नाही. 1999 पासूनच्या 'इन द फ्लेश' दौऱ्यात यातली काही गाणी घेतली गेली. तोच दौरा 2002 मध्ये बंगळुरूला आला. फेब्रुवारी 2007 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर वॉटर्सने 'डार्क साइड ऑफ द मून' सादर केला, त्या दौऱ्यातही 'परफेक्ट सेन्स'चे दोन्ही भाग होते. मैदानभर लोकांनी ते पैशाचं राष्ट्रगीत गायचं, हे या गाण्याचं घरी न मिळणारं रूप. ध्वनिमुद्रण हवं असेल तर 'इन द फ्लेश: लाइव्ह' (2000) घ्या: त्यात 'परफेक्ट सेन्स', 'द ब्रेव्हरी ऑफ बीइंग आउट ऑफ रेंज', 'इट्स अ मिरॅकल' आणि शीर्षकगीत आहे.

यानंतर काय ऐकावं?

मागे जायचं तर 'द फायनल कट': नाव पिंक फ्लॉइडचं, लेखन सगळं वॉटर्सचं, पार्श्वभूमी 1982 च्या फॉकलंड युद्धाची, अर्पण वडिलांना. पुढे जायचं तर 'इज धिस द लाइफ वी रिअली वॉन्ट?' (2017), ध्वनीची मांडणी अगदी साधी, निर्माता नायजेल गॉडरिच. दोन्हींच्या मध्ये 'द वॉल' घालू नका, तो वेगळ्या दिवशी.